ईमेलवरचा ओटीपी येत नाही, आला तर चालत नाही: तपासायला सुरुवात कुठून करायची

गोव्यातल्या छोट्या संस्थांची वेब अ‍ॅप्लिकेशन सांभाळणं हे माझं काम. देवस्थानाच्या अग्रशाळेतल्या खोल्यांचं बुकिंग, पतसंस्थेच्या सभासदांची खाती, होमस्टेचा हिशेब असं सगळं. बहुतेक ठिकाणी पासवर्डनंतर ईमेलवर सहा आकडी कोड जातो आणि तो टाकल्यावरच आत जाता येतं. एवढ्याशा पायरीत वर्षभर तेच तेच बिघाड भेटतात. कारणं मोजकीच आहेत, पण तपासायचा क्रम चुकला की लोक दिवसभर डीएनएस (डोमेनच्या जाहीर नोंदी) खोदत बसतात आणि शेवटी मेल स्पॅममध्ये सापडतं. म्हणून मी ज्या क्रमाने बघते तोच इथे देते.

लक्षणं

यातलं आपलं कोणतं ते आधी ठरवा.

कोड कुणालाच येत नाही, अगदी तुमच्या स्वतःच्या पत्त्यावरही नाही.

काहींना येतो, काहींना नाही. जीमेलवाल्यांना मिळतो आणि ऑफिसच्या पत्त्यांना मिळत नाही, किंवा बरोबर उलट.

येतो, पण मुदत संपल्यावर. कधी एकाच वेळी चार-पाच कोड येऊन पडतात.

स्पॅममध्ये जातो.

वेळेत येतो, नीट बघून टाकला तरी "कोड चुकीचा आहे" असं उत्तर मिळतं. कधी चालतो, कधी नाही.

आल्या आल्याच "मुदत संपली" दिसतं.

कोड मान्य होतो आणि पुन्हा लॉगिनचंच पान समोर येतं.

ही सगळी लक्षणं फोनवर एकाच वाक्यात येतात: "ओटीपी चालत नाही." तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की कोड आलाच नाही, की आला पण घेतला गेला नाही? या एका प्रश्नाने अर्धं काम होतं. आलाच नाही तर दोष पाठवण्यात किंवा पोचण्यात आहे आणि पडताळणीच्या कोडला हात लावायचं कारण नाही. आला पण चालला नाही तर मेल सर्व्हर, एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच तुमचं आहे हे पटवणाऱ्या व्यवस्था, आठव्या पायरीत येतात) यांच्याकडे ढुंकूनही बघू नका. दुसरा प्रश्न वेळेचा: नेमका किती वाजता प्रयत्न केला? "मघाशी" हे उत्तर चालत नाही, कारण लॉगमधली, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीतली ओळ शोधायची ती त्या मिनिटावरूनच.

तपासणी चालू असताना दोन गोष्टी करू नका, हे मी प्रत्येक संस्थेला पहिल्याच दिवशी सांगते. "तात्पुरतं" म्हणून सगळ्यांचं टू-फॅक्टर (पासवर्डनंतरची ही कोडची पायरी) बंद करू नका. तात्पुरतं बंद केलेलं परत चालू करायची आठवण कुणालाच राहत नाही, आणि मधल्या काळात ज्याच्याकडे एखाद्या सभासदाचा पासवर्ड आहे त्याला दार सताड उघडं मिळतं. आणि सभासदाला फोन करून "तुम्हाला आलेला कोड सांगा बघू" असं विचारू नका, हेतू कितीही चांगला असला तरी. आपणच लोकांना कोड सांगायची सवय लावली तर उद्या फसवणारा फोन करील तेव्हा ते त्यालाही सांगतील. एखादा सभासद अडलाच असेल तर ओळख पटवून त्याच्या एकट्याच्या खात्याला एकदाच चालणारा रिकव्हरी कोड द्या.

पहिली पायरी: सभासदाचा मेलबॉक्स

याला पैसा लागत नाही आणि पाच मिनिटांत होते. नोंदवलेला पत्ता आधी बघा. आपल्याकडे वयस्क सभासदांच्या नावापुढे मुलाचा किंवा सुनेचा ईमेल असतो, आणि मुलगा बोटीवर किंवा गल्फमध्ये. कोड वेळेत पोचलेला असतो, तो बघणारा माणूस समुद्रात असतो. अशा ठिकाणी दुरुस्ती नोंदीत करायची, सॉफ्टवेअरमध्ये नाही. "जीमेल डॉट कॉन" असे टंकनदोषही इथेच सापडतात.

मग स्पॅम, मग जीमेलचे वेगवेगळे टॅब. फोनवर मेलची सूचना आली नाही म्हणजे मेल आलं नाही असं नव्हे. बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे मेल अ‍ॅप मागे झोपलेलं असतं, ते उघडून खाली ओढलं की मेल दिसतं.

यानंतर बघायची ती जागा. गूगलच्या फुकट खात्याला १५ जीबी मिळतात, आणि त्या जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असतात. आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. नातवंडांचे व्हिडिओ आणि सकाळच्या शुभेच्छा यांनी ही जागा भरली की जीमेल नवीन मेल घेणं बंद करतं. सभासदाला वाटतं तुमची वेबसाइट बिघडली. ओळखायची खूण सोपी: त्याला फक्त तुमचंच नाही, कुणाचंच मेल येत नसतं. एवढं विचारा आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या वाचवा.

शेवटी, त्याने टाकला तो कोड नवा होता का? "पुन्हा पाठवा" दोन-तीनदा दाबलं की जीमेल सारख्याच विषयाची मेलं एका साखळीत गोळा करतं आणि माणूस घाईत वरचा, म्हणजे जुना कोड उचलतो. नवा कोड पाठवताच तुमचं अ‍ॅप्लिकेशन जुना रद्द करत असेल, आणि ते करायलाच हवं, तर उत्तर "चुकीचा" असंच येणार. यावरचा कायमचा उपाय फुकट आहे: मेलच्या विषयातच वेळ घाला, "रात्री ९:०४ चा लॉगिन कोड" असा. मेलं साखळीत अडकत नाहीत आणि कोणता नवा ते दिसतं. "पुन्हा पाठवा"चं बटण एक मिनिट तरी बंद ठेवा.

दुसरी पायरी: आकडे जसे टाकले तसे पोचतात का

कोड आला आणि चालला नाही, अशांसाठी ही पायरी. इथे मला सगळ्यांत जास्त दोष सापडतात, आणि बाहेरच्या मार्गदर्शक लेखांत ते सहसा लिहिलेले नसतात.

शून्यापासून सुरू होणारा कोड घ्या, ०४५८२१. डेटाबेसमध्ये रकाना पूर्णांकाचा ठेवला असेल तर तिथे ४५८२१ साठवलं जातं, मेलमध्ये मात्र सहा आकडे गेलेले असतात. सभासद सहाही आकडे टाकतो आणि तुलना फसते. सहा आकडी कोड यादृच्छिक असेल तर सरासरी दहातला एक शून्याने सुरू होतो. म्हणजे दहातल्या नऊ वेळा सगळं ठीक, आणि दहाव्याला तक्रार. तुम्ही स्वतः करून बघता तेव्हा चालतं. "कधी चालतो, कधी नाही" ऐकलं की मी सर्वांत आधी फसलेल्या कोडचा पहिला आकडा कोणता होता ते विचारते. कोड हा आकडा नाही, मजकूर आहे. रकाना मजकुराचा ठेवा, तुलनाही मजकुराची करा.

दुसरा दोष खास आपल्या लोकांचा. फोनवर मराठी किंवा कोकणीचा देवनागरी कीबोर्ड चालू असतो आणि सभासद ४८२१०५ हे देवनागरी आकड्यांतच टाकतो. माणसाच्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र हे वेगळे वर्ण आहेत: देवनागरी शून्य युनिकोडमध्ये ०९६६ या क्रमांकावर आहे, रोमन शून्य ००३० वर. गंमत अशी की पायथनमध्ये हा मजकूर "आकडेच आहेत ना" या तपासणीतून सहज पार होतो, पूर्णांकही नीट होतो, पण मजकूर म्हणून तुलना केली की जुळत नाही. जावास्क्रिप्टमध्ये उलट, तिथला आकड्यांचा पॅटर्न देवनागरी आकडे ओळखतच नाही, त्यामुळे बटणच चालू होत नाही. दोन्हीकडे सभासदाची काडीचीही चूक नाही. आपल्या भाषेत आकडे टाकणाऱ्या माणसाला "चुकीचा कोड" म्हणणारं सॉफ्टवेअर गोव्यात चालवायचं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तुलना करण्याआधी देवनागरी आकडे रोमन आकड्यांत बदलून घ्या. दहा वर्णांची अदलाबदल, चार ओळींचं काम.

तिथेच मागचीपुढची मोकळी जागा, नवी ओळ आणि मधली रेघ काढून टाका. मेलमधून कोड कॉपी करताना शेवटी एक अदृश्य जागा हमखास चिकटते. चौकट "नंबर" प्रकारची न ठेवता "टेक्स्ट" ठेवा, इनपुट मोड "न्यूमेरिक" द्या. म्हणजे फोनवर आकड्यांचा कीबोर्ड उघडतो आणि पहिलं शून्यही गळत नाही.

तिसरी पायरी: मेल रांगेतून निघालं का

आता "कुणालाच येत नाही" याकडे. बहुतेक अ‍ॅप्लिकेशन मेल थेट पाठवत नाहीत, रांगेत टाकतात आणि मागे चालणारी एक प्रक्रिया ते उचलून पाठवते. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको. ऑफिसातला सर्व्हर बंद पडतो, लाईट आल्यावर चालू होतो, वेबसाइट उघडते, म्हणून सगळे निश्चिंत. पण रांग उपसणारी प्रक्रिया आपोआप उठलेली नसते, कारण बसवताना कुणीतरी ती फक्त "स्टार्ट" केली होती, "एनेबल" केली नव्हती. लिनक्सवर सिस्टमडीला (प्रक्रिया चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेला) तिची स्थिती विचारा. थांबलेली असेल तर निदान झालं.

पण लगेच चालू करू नका. आधी रांगेतले जुने कोड काढून टाका. ते तसेच सोडले तर सकाळपासून साठलेले सगळे कोड एकदम बाहेर पडतात, प्रत्येकाच्या मेलबॉक्समध्ये पाच-सहा शिळे कोड येतात, लोक घाबरून "आमचं खातं हॅक झालं" म्हणून फोन करतात, आणि एकदम इतकी मेलं गेल्यामुळे पुढची मेलंही संशयात येतात. कोडच्या मेलला रांगेतच मुदत घालून ठेवली तर ही सफाई हाताने करावी लागत नाही.

याचाच दुसरा प्रकार जत्रेच्या आधी भेटतो. देवस्थान सगळ्या महाजनांना (देवस्थानाच्या सभासदांना) जत्रेचं निमंत्रण ईमेलने पाठवतं, त्याच अ‍ॅप्लिकेशनमधून, त्याच रांगेतून. समजा दोन हजार निमंत्रणं रांगेत आहेत. त्यांच्या मागे अग्रशाळेची खोली बुक करायला बसलेल्या माणसाचा कोड उभा. निमंत्रण दोन तास उशिरा गेलं तर कुणाचं काही बिघडत नाही. कोड दहा मिनिटांत पोचला नाही तर तो कोडच नाही. दोघांच्या रांगा वेगळ्या ठेवा, शक्य असेल तर पाठवणारं खातंही वेगळं ठेवा. त्याचं कारण पुढच्या पायरीत आहे.

चौथी पायरी: पाठवणारं खातं

लॉगमध्ये मेल सर्व्हरचं उत्तर शोधा. तीन आकडी क्रमांकात सगळं सांगितलेलं असतं. २५० म्हणजे समोरच्याने मेल स्वीकारलं. ४ ने सुरू होणारा म्हणजे आत्ता नको, नंतर ये. ५ ने सुरू होणारा म्हणजे नाहीच.

५३५ आला तर नाव किंवा पासवर्ड मान्य नाही. छोट्या संस्था बहुधा संस्थेच्या जीमेलवरूनच कोड पाठवतात. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डने बाहेरच्या अ‍ॅपला आत घेणं ३० मे २०२२ पासून बंद केलं. आता त्या खात्यावर आधी टू-स्टेप चालू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो. यातली खोच अशी की गूगल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की जुने अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात. नवी समिती निवडून येते, नवे सचिव जबाबदारीने पासवर्ड बदलतात, आणि त्याच संध्याकाळपासून कोड जायचे थांबतात. "हल्ली कुणी पासवर्ड बदलला का?" हे विचारायला विसरू नका.

५५० च्या पुढे ५.४.५ दिसलं तर दिवसाची मर्यादा संपली. फुकट जीमेलवरून दिवसाला ५०० मेलं जातात, पैसे भरून घेतलेल्या वर्कस्पेसवर २,०००. निमंत्रणं त्याच खात्यातून गेली असतील तर कोडसाठी काही उरतच नाही. मोजणी २४ तासांची असते, त्यामुळे धीर धरण्यापलीकडे त्या दिवशी काही करता येत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र कोड पाठवायला वेगळी सेवा घ्या. लॉगिनसारखी मेलं पाठवणाऱ्या सेवा छोट्या संस्थेला परवडतात, आणि प्रत्येक मेलचं काय झालं ते त्यांच्या पानावर दिसतं.

४ ने सुरू होणारं उत्तर आलं आणि थोड्या वेळाने तेच मेल गेलं, तर समोरच्या सर्व्हरने ग्रेलिस्टिंग केलंय: अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा परत पाठवून तो पुन्हा येतो का ते बघणं. ऑफिसच्या आणि कॉलेजच्या सर्व्हरवर हे असतं. तुमच्या कोडची मुदत दोन-तीन मिनिटांची असेल तर या लोकांना तो कधीच वेळेत मिळणार नाही. मुदत १० मिनिटं ठेवा. त्याहून जास्त नको.

पाचवी पायरी: घड्याळ आणि साडेपाच तास

"आल्या आल्याच मुदत संपली" याचं कारण जवळजवळ नेहमी हेच. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. रात्री ९ वाजता कोड तयार झाला, मुदत जागतिक वेळेत लिहिली गेली: १५:४०. तपासताना मात्र सर्व्हरची स्थानिक वेळ घेतली: २१:०१. कोड जन्मतःच शिळा.

हे लगेच लक्षात येतं, कारण लोक ओरडतात. याचं उलट रूप जास्त वाईट. मुदत स्थानिक वेळेत २१:१० लिहिली आणि तुलना जागतिक वेळेशी केली, तर तो कोड पहाटे २:४० पर्यंत चालत राहतो. दहा मिनिटांचा कोड पाच तास चाळीस मिनिटं जिवंत. कुणी तक्रार करत नाही, कारण सगळ्यांना आत जाता येतंय. म्हणून स्वतः करून बघा: कोड मागवा, अर्धा तास थांबा, मग टाका. घेतला गेला तर हा दोष तुमच्याकडे आहे आणि तो आजच काढायचा आहे. साठवण आणि तुलना दोन्ही जागतिक वेळेत, फक्त माणसाला दाखवताना भारतीय वेळ.

सर्व्हरचं घड्याळच मागे पडलं असेल तर लक्षण वेगळं दिसतं. लाईट गेल्यावर जुन्या मशिनच्या बोर्डावरची बॅटरी संपलेली असते, घड्याळ काही वर्षं मागे जातं, आणि मेल सर्व्हरचं टीएलएस (जोडणी सुरक्षित करणारं) प्रमाणपत्र त्याला "अजून सुरूच झालेलं नाही" असं वाटतं. जोडणीच होत नाही, मेल निघतच नाही. सर्व्हरचं घड्याळ एनटीपीशी (नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या व्यवस्थेशी) जुळवलेलं ठेवणं ही नुसती सोय नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी सर्व्हरशी वेळ जुळवायला सांगितलंय, आणि लॉग १८० दिवस जपून ठेवायलाही.

सहावी पायरी: कोड ठेवलाय कुठे

इथून पुढे अ‍ॅप्लिकेशन ज्याने लिहिलं त्याची मदत लागेल. शून्य नाही, देवनागरी आकडे नाहीत, वेळ बरोबर, तरी कधी चालतो आणि कधी नाही. शिवाय तोच कोड पुन्हा टाकला की चालतो. मग कोड प्रक्रियेच्या मेमरीत ठेवलेला असण्याची दाट शक्यता. सर्व्हरवर एकच अ‍ॅप्लिकेशन चार प्रक्रियांत चालत असतं. एकीने कोड तयार करून स्वतःजवळ ठेवला, तपासायची विनंती दुसरीकडे गेली, तिला काहीच माहीत नाही. चार प्रक्रिया असतील तर सरासरी चारातला एकच प्रयत्न यशस्वी. लॅपटॉपवर एकच प्रक्रिया चालते, म्हणून तिथे हा दोष कधीच दिसत नाही. जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये कॅशेचं (तात्पुरत्या साठवणीचं) काहीच सेटिंग केलं नाही तर ती अशीच प्रत्येक प्रक्रियेची वेगळी असते. कोड डेटाबेसमध्ये किंवा रेडिससारख्या सगळ्या प्रक्रियांना दिसणाऱ्या साठवणीत ठेवा. तोही उघडा न ठेवता हॅश करून, म्हणजे थेट वाचता येणार नाही असा.

कोड मान्य होऊन परत लॉगिनचं पान येत असेल तर कुकी (लॉगिन लक्षात ठेवणारी ब्राउझरमधली खूण) हरवतेय. माणूस "डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू" लावून आला आणि पुढचं पान त्याशिवायच्या पत्त्यावर उघडलं, की सत्र तुटतं. दोन्ही पत्ते एकाच ठिकाणी वळवा. फेसबुकच्या आतल्या ब्राउझरातून आलेल्या माणसाचंही असंच होतं: मेल बघायला तो बाहेर पडला की ते पानच बंद होतं. त्याला क्रोममध्ये उघडायला सांगा.

इथे आलाच आहात तर चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा बघून घ्या. सहा आकडी कोडचे दहा लाख पर्याय असतात. माणसाला ते खूप, स्क्रिप्टला थोडे. पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर कोड रद्द व्हायलाच हवा.

सातवी पायरी: पोर्ट

लॅपटॉपवरून मेल जातं, सर्व्हरवरून नाही, आणि लॉगमध्ये ५३५ वगैरे काहीच नाही, फक्त "टाइमआउट". सर्व्हरवरून मेल सर्व्हरच्या ५८७ पोर्टला (सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दाराला) जोडणी करून बघा. टाइमआउट म्हणजे वाटेत कुणीतरी अडवतंय, बहुधा फायरवॉल किंवा क्लाउड कंपनी. "रिफ्यूज्ड" म्हणजे तिथपर्यंत पोचलात, पण ऐकायला कुणी नाही, म्हणजे पत्ता किंवा पोर्ट चुकलाय. पोर्ट २५ वापरत असाल तर सोडून द्या. स्पॅम रोखण्यासाठी बहुतेक क्लाउड कंपन्या तो बंदच ठेवतात. गूगल क्लाउडवर आणि अ‍ॅमेझॉनच्या ईसी२ वर तो मुळातच अडवलेला असतो. ५८७ वर स्टार्ट-टीएलएस लागतं, ४६५ वर सुरुवातीपासूनच टीएलएस. या दोन सेटिंगची अदलाबदल झाली की जोडणी नुसती लटकून राहते किंवा टीएलएसची चूक दाखवून तुटते.

आठवी पायरी: डीएनएस

लॉगमध्ये २५० आहे, तरी मेल स्पॅममध्ये जातं किंवा ५५० बरोबर ५.७.२६ (पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही) येतं, तेव्हाच इथे या. स्पॅममध्ये पडलेलं एक मेल जीमेलमध्ये संगणकावर उघडा, तीन टिंबांच्या मेनूतून "शो ओरिजिनल" घ्या. सगळ्यांत वर एक छोटा तक्ता दिसतो: मेल कधी निघालं, किती सेकंदांनी पोचलं, आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या प्रत्येकापुढे पास की फेल. अंदाज करत बसण्यापेक्षा हा तक्ता बघा. "किती सेकंदांनी पोचलं" ही ओळ उशिराच्या तक्रारीवरही कामाची आहे: तिथे तीन सेकंद लिहिलं असेल आणि कोड वीस मिनिटांनी मिळाला असेल, तर वेळ तुमच्या रांगेत गेला, गूगलकडे नाही.

एसपीएफ म्हणजे तुमच्या डोमेनच्या नावाने मेल कोण पाठवू शकतो त्याची जाहीर यादी. ही यादी डीएनएसमधल्या एकाच टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदीत हवी. वेबसाइट बनवणाऱ्याने एक घातली, नंतर मेल सेवावाल्याने दुसरी घालायला सांगितली, की दोन्ही बाद होतात. दोन्ही एकत्र करून एक करा. एसपीएफ तपासताना दहाच्या वर डीएनएस चौकशा लागल्या तरीही ती बाद होते.

डीकेआयएम म्हणजे मेलवरची सही. २०४८ बिटांची चावी २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, आणि काही होस्टिंग पॅनेल ती मुकाट्याने मधेच कापतात. चावी पेस्ट केल्यावर नोंद परत वाचून शेवटची अक्षरं जुळतात का ते बघा.

डीमार्क विचारतो, की पाठवणाऱ्याच्या पत्त्यात दिसणारं डोमेन आणि एसपीएफ-डीकेआयएममधलं डोमेन एकच आहे का. "फ्रॉम"मध्ये संस्थेचा जीमेल पत्ता आणि पाठवणारा सर्व्हर होस्टिंगचा, हा प्रकार इथे नापास होतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले. जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम हवंच, आणि दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि डीमार्कसुद्धा. आपल्या संस्था ५,००० पर्यंत जात नाहीत, तरी तिन्ही करून ठेवा.

ऑफिसातल्या ब्रॉडबँडवर स्वतःचा मेल सर्व्हर चालवत असाल तर हे सगळं करूनही उपयोग होणार नाही. घरगुती जोडण्यांचे आयपी पत्ते स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पॉलिसी ब्लॉक लिस्टमध्ये सहसा असतातच, आणि उलट शोधाची, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी पीटीआर नोंद तुमच्या हातात नसते. तिथे वेळ घालवू नका, बाहेरची सेवा घ्या.

कुठे थांबायचं

डीएनएस बदलण्याआधी सगळ्या जुन्या नोंदींची प्रत काढा. त्याच डोमेनवर संस्थेचं रोजचं मेल चालत असेल आणि तुम्हाला एमएक्स म्हणजे काय ते ठाऊक नसेल, तर तिथेच थांबा आणि जाणकाराला बोलवा. ओटीपीची दुरुस्ती करताना संस्थेचं सगळं मेल बंद पडणं हे मूळ बिघाडापेक्षा महाग पडतं. तुमचा आयपी किंवा डोमेन काळ्या यादीत सापडलं तर नाव काढायचा अर्ज घाईने भरू नका. ते तिथे का गेलं, कुणी तुमच्या सर्व्हरवरून स्पॅम पाठवतंय का, हे आधी कुशल माणसाने बघायला हवं.

काही लक्षणं मात्र बिघाडाची नसतात. न मागितलेले कोड सभासदांना येऊ लागले तर त्यांचे पासवर्ड कुणाच्या तरी हातात आहेत. सभासद म्हणतो "मी कोड टाकलाच नाही", आणि लॉगमध्ये मात्र त्याचं लॉगिन दिसतं, तर बहुधा त्याचा ईमेलच दुसऱ्याच्या ताब्यात आहे. अशा वेळी काहीही "दुरुस्त" करू नका, लॉग पुसू नका, सर्व्हर पुन्हा बसवू नका. त्या खात्यांची सत्रं बंद करा, लॉगची प्रत काढा आणि सुरक्षेचं काम करणाऱ्याला बोलवा. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. पैसे गेले असतील तर सगळ्यांत आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, बाकीचं नंतर.

पतसंस्थांना आणखी एक सांगते. ईमेलवरचा कोड नसण्यापेक्षा बरा, पण तो मेलबॉक्सइतकाच सुरक्षित असतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शनात ईमेलला अशा दुसऱ्या घटकासाठी मान्यताच नाही. सभासदांसाठी तो ठेवा. खजिनदार, मुखत्यार, व्यवस्थापक आणि अ‍ॅडमिन यांना मात्र फोनवरच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या कुलपाने होणारं लॉगिन) द्या. त्यामुळे मेल बंद पडलं तरी ज्याने दुरुस्ती करायची तोच बाहेर अडकत नाही. त्यांचे रिकव्हरी कोड कागदावर छापून संस्थेच्या तिजोरीत ठेवा.

जाणकाराला बोलवाल तेव्हा त्याच्या हातात एवढं द्या: फसलेल्या प्रयत्नाची वेळ मिनिटासकट, सभासदाचं मेल डोमेन, लॉगमधली मेल सर्व्हरच्या उत्तराची ओळ जशीच्या तशी, "शो ओरिजिनल"चा मजकूर, आणि त्या आठवड्यात काय काय बदललं त्याची यादी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत असाल तर अ‍ॅप पासवर्ड आणि सभासदाचा पूर्ण पत्ता आधी झाकून घ्या.